रक्त ‘गाळून’ ल्यूपस का जात नाही: किडनीत साठणाऱ्या इम्यून कॉम्प्लेक्सविषयी

प्रश्न विचारणाऱ्या भावाने बरंच लिहिलंय. थोडक्यात असं: धाकटी बहीण २६ वर्षांची. वर्षभर बोटांचे सांधे दुखायचे, केस गळायचे, उन्हात गेलं की गाल लाल व्हायचे. दोन महिन्यांपासून पायांवर सूज आणि लघवीला फेस. तपासणीत २४ तासांच्या लघवीत २.८ ग्रॅम प्रथिनं, सी३ ४२, सी४ ५ (ही दोन रक्तप्रथिनं कमी), अँटी-डीएसडीएनए (स्वतःच्याच डीएनएविरुद्धच्या अँटीबॉडी) भरपूर वाढलेलं. बायोप्सीचा रिपोर्ट ‘ल्यूपस नेफ्रायटिस, क्लास ४, फुल हाउस’. ल्यूपस म्हणजे प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार, नेफ्रायटिस म्हणजे किडनीची सूज. डॉक्टर म्हणाले, “इम्यून कॉम्प्लेक्स किडनीत साठलेत.” त्यावर यांचे तीन प्रश्न. ते मशीनने गाळून का टाकत नाहीत? रक्तातल्या कॉम्प्लेक्सची ‘सीआयसी’ नावाची तपासणी एका लॅबने सुचवलीय, ती दर महिन्याला करावी का? आणि प्रतिकारशक्तीचाच घोळ असेल तर गुळवेलीचा काढा द्यावा का?

मी बावीस वर्षं संधिवात आणि ल्यूपसचे रुग्ण बघतेय. तुमच्या बहिणीला मी तपासलेलं नाही, बायोप्सीच्या काचा पाहिलेल्या नाहीत. त्यामुळे औषध कोणतं आणि किती, हे मी इथे सांगणार नाही. ते तिची क्रिएटिनिन (किडनी किती काम करतेय ते सांगणारी रक्ततपासणी), रक्तदाब, वजन, पुढे मूल हवंय का, आधी टीबी झाला होता का, अशा बऱ्याच गोष्टींवर ठरतं. पण तिच्या शरीरात काय चाललंय ते नीट कळलं तर तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं त्यातच सापडतील.

तिन्ही प्रश्नांमागे तुमच्या डोक्यात एकच चित्र आहे: रक्तात घाण तयार झाली, किडनीत जाऊन बसली, काढून टाकली की झालं. हे चित्र अर्धंच खरं आहे. कारण इम्यून कॉम्प्लेक्स ही घाण नाही. या क्षणी तुमच्या-माझ्या रक्तातही ते तयार होताहेत. अँटीबॉडीने, म्हणजे प्रतिकारयंत्रणेने बनवलेल्या प्रथिनाने, एखादा परका पदार्थ, म्हणजे अँटीजेन, पकडला की त्या जोडगोळीला इम्यून कॉम्प्लेक्स म्हणतात. सर्दी झाली, दाढ किडली, लस घेतली, तरी ते होतात आणि साफही होतात. म्हणून खरा प्रश्न असा विचारायला हवा: तिच्या बाबतीत ते साफ का होत नाहीत, किडनीतच का बसतात, आणि बसल्यावर तिथे आग का लागते?

यासाठी आधी एका सर्पदंशाची गोष्ट सांगते. विषयांतर वाटेल, पण ल्यूपस मला स्वतःला नीट कळला तो त्या माणसामुळे.

रेसिडेन्सीच्या दिवसांत आमच्या वॉर्डात ऊसतोडीवरचा एक गडी आला होता, घोणस चावलेला. वीस कुप्या अँटीव्हेनम लागलं. वाचला, आणि पाचव्या दिवशी स्वतःच्या पायांनी घरी गेला. नवव्या दिवशी बायकोच्या खांद्यावर हात टाकून परत आला. ताप, अंगभर पित्त उठलेलं, घोटे आणि गुडघे टम्म सुजलेले, काखेत गाठी. मला म्हणाला, “मॅडम, इख परत चढलं बघा.”

विष केव्हाच उतरलं होतं. त्याला त्रास देत होतं ते औषध. आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारांवर मिळून जे अँटीव्हेनम मिळतं, ते घोड्यांना थोडंथोडं विष टोचून, त्यांच्या रक्तातल्या अँटीबॉडी काढून बनवतात. मुंबईच्या हाफकिनचं नाव या कामासाठी जुनं आहे. एका कुपीत १० मिली, म्हणजे वीस कुप्यांतून या माणसाच्या शिरेत २०० मिली द्राव गेला, त्यात घोड्याची प्रथिनं. जीव वाचवायला ते हवंच होतं. पण शरीराच्या दृष्टीने हे परकं सामान, आणि परक्या प्रथिनाविरुद्ध अँटीबॉडी तयार करायला आपल्याला साधारण आठवडा-दहा दिवस लागतात. तोवर घोड्याचं बरंच प्रथिन रक्तात फिरतच होतं. नवव्या दिवशी दोघांची गाठ पडली, ढीगभर कॉम्प्लेक्स तयार झाले आणि ते सांध्यांच्या अस्तरात, त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्यांत, थोडे किडनीतही जाऊन बसले. लघवीत थोडं प्रथिन दिसलं होतं. आठवडाभर प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड दिलं. घोड्याचं प्रथिन संपलं तसे कॉम्प्लेक्स संपले, आणि पंधरा दिवसांनी लघवी तपासली तेव्हा ती स्वच्छ होती.

याला सीरम सिकनेस म्हणतात. व्हिएन्नाचे क्लेमेन्स फॉन पिर्के आणि बेला शिक या दोन बालरोगतज्ज्ञांनी १९०५ साली त्यावर आख्खं पुस्तक लिहिलं. घटसर्पासारख्या आजारांत मुलांना घोड्याचं सीरम देत असत, आणि काही मुलांना आठ ते बारा दिवसांनी असाच ताप, पुरळ, सांधेदुखी व्हायची. सीरमच विषारी असतं तर त्रास लगेच झाला असता, आठवडाभर थांबला नसता, असा त्यांचा साधा तर्क होता. आणि त्याच मुलाला पुन्हा सीरम दिलं तर त्रास लवकर, कधी त्याच दिवशी सुरू व्हायचा. म्हणजे मधल्या काळात शरीरानेच काहीतरी तयार करून ठेवलं होतं. रक्षणासाठी तयार झालेली गोष्टच आजार करू शकते, हे तेव्हा पचायला फार जड गेलं.

आता तुमच्या बहिणीकडे येऊ. त्या गड्यात आणि तिच्यात फरक एकाच गोष्टीचा, पण तो जीवघेणा आहे. त्याच्या अंगात गेलेलं घोड्याचं प्रथिन मोजकं होतं, ते संपलं. तिच्या अँटीबॉडींनी पकडलंय ते तिच्याच पेशींच्या केंद्रकातलं सामान: डीएनए, त्याला गुंडाळून ठेवणारी हिस्टोन प्रथिनं, आरएनएला चिकटलेली प्रथिनं. शरीरात रोज अब्जावधी पेशी मरतात आणि नव्या येतात. म्हणजे हा अँटीजेन कधीच संपणार नाही.

इथे साफसफाईचा मुद्दा येतो आणि तोच माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा आहे.

अँटीबॉडीला पकडायचे हात दोन. अँटीजेनला मात्र पकडायच्या जागा अनेक. दोघांचं प्रमाण जुळलं की एका अँटीबॉडीचा एक हात या तुकड्यावर, दुसरा त्या तुकड्यावर, असं विणत विणत मोठं जाळं होतं. मोठं जाळं शरीराला आवडतं, ते पटकन उचललं जातं. पण अँटीजेन थोडा जास्त झाला की प्रत्येक अँटीबॉडीचे दोन्ही हात वेगवेगळ्या तुकड्यांत अडकतात, ते पुंजके एकमेकांना जोडायला मोकळा हात उरत नाही, विणकाम पुढे सरकत नाही आणि लहान-मध्यम आकाराचे, विरघळलेले पुंजके फिरत राहतात. ते सफाई कामगारांच्या नजरेतून सुटतात आणि जिथे फट मिळेल तिथे शिरतात. बोव्हाइन अल्ब्युमिन टोचलेल्या सशांवर गेल्या शतकाच्या मध्यात फ्रँक डिक्सन यांनी हे दाखवून दिलं: कॉम्प्लेक्स याच अवस्थेत असताना सशांच्या किडनीला सूज येते.

साफ करणारी यंत्रणा म्हणजे कॉम्प्लिमेंट. तुमच्या बहिणीच्या रिपोर्टवरचे सी३ आणि सी४ याच कुटुंबातले. ही प्रथिनं कॉम्प्लेक्सला चिकटतात आणि त्याला जणू पत्त्याची चिठ्ठी लावतात. तांबड्या पेशींच्या पाठीवर ती चिठ्ठी वाचणारा एक हुक असतो, सीआर१ नावाचा. तांबडी पेशी कॉम्प्लेक्स पाठीवर घेते, यकृत आणि प्लीहेपर्यंत नेते, तिथल्या मॅक्रोफेज पेशी ओझं उतरवून गिळतात आणि तांबडी पेशी पुन्हा कामाला. फक्त प्राणवायू वाहते असं शाळेत शिकलेल्या पेशीची ही हमाली फार कमी लोकांना माहीत असते.

गंमत अशी की ज्यांच्यात कॉम्प्लिमेंटच्या साखळीतलं पहिलं प्रथिन, सी१क्यू, जन्मतःच नसतं, अशा माणसांपैकी ९० टक्क्यांहून जास्त जणांना ल्यूपस होतो. एवढ्याशा एका जनुकाने एवढ्या खात्रीने ल्यूपस देणारी दुसरी गोष्ट मला माहीत नाही. सी१क्यू मेलेल्या पेशींचा कचरा उचलायलाही लागतं. ते नसेल तर केंद्रकातलं सामान उघड्यावर पडून राहतं आणि कधीतरी प्रतिकारयंत्रणेच्या नजरेस पडतं. तुमच्या बहिणीत असा जन्मजात दोष असेलच असं नाही, बहुतेकांत नसतो. पण ल्यूपसच्या बऱ्याच रुग्णांच्या तांबड्या पेशींवर सीआर१चे हुक कमी झालेले असतात आणि कॉम्प्लिमेंट खर्ची पडत असतं. म्हणजे कचरा वाढलाय आणि घंटागाड्या कमी झाल्यात.

तिचं सी३ ४२ आहे (साधारण ९० च्या वर हवं), ते याच खर्चामुळे. घरचे लोक मला विचारतात, “सी३ कमी आहे, मग ते वाढवायची गोळी द्या ना.” बँकेत शिल्लक कमी दिसते ती पगार थांबला म्हणून नव्हे, खर्च बेसुमार चाललाय म्हणून. खर्च थांबवला की शिल्लक आपोआप चढते.

मग किडनीच का? दर मिनिटाला हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा साधारण पाचवा हिस्सा किडन्यांकडे जातो. प्रत्येक किडनीत सुमारे १० लाख बारीक गाळण्या, त्यांना ग्लोमेरुलस म्हणतात, आणि दोन्ही मिळून दिवसाला १८० लिटरच्या आसपास पाणी गाळतात. त्यातलं बहुतेक परत शोषलं जातं म्हणून लघवी दीड-दोन लिटरच होते. गाळायला दाब लागतो, आणि या गाळण्यांतल्या केशवाहिन्यांत तो शरीरातल्या इतर केशवाहिन्यांपेक्षा बराच जास्त असतो. शिवाय गाळणीच्या पडद्यावर ऋण भार असतो आणि हिस्टोनवर धन भार, त्यामुळे केंद्रकातले तुकडे तिथे सहज चिकटतात. मग अँटीबॉडी येऊन त्यांना तिथेच पकडते. म्हणजे किडनीतले सगळेच कॉम्प्लेक्स रक्तातून तयार होऊन आलेले नसतात, बरेचसे जागेवरच विणले जातात. हे वाक्य लक्षात ठेवा, मशीनच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर यातच आहे.

आता आग कशी लागते ते. कॉम्प्लेक्स बसले की कॉम्प्लिमेंट तिथेच पेटतं आणि सी५ए नावाचा तुकडा सुटतो. पांढऱ्या पेशींना तो वासासारखा लागतो. न्यूट्रोफिल धावत येतात. त्यांच्या अंगावर अँटीबॉडीचं शेपूट पकडणारे एफसी रिसेप्टर असतात. त्यांनी कॉम्प्लेक्सला पकडलं खरं, पण ते पडद्याला चिकटलेलं असल्यामुळे गिळता येत नाही. मग जंतू पोटात घेऊन मारण्यासाठी साठवलेली सगळी रसायनं न्यूट्रोफिल बाहेरच ओततो, थेट गाळणीवर. बंद बाटलीत वापरायचं ॲसिड फरशीवर सांडावं तसं.

यात एफसी रिसेप्टरचा वाटा किती, ते १९९८ साली न्यूयॉर्कच्या एका प्रयोगशाळेतल्या उंदरांनी दाखवलं. ल्यूपस होणाऱ्या उंदरांच्या जातीत या रिसेप्टरचा एक भाग जनुकातूनच काढून टाकला. त्यांच्या किडनीत कॉम्प्लेक्स तसेच साठले, सी३ही साठलं, पण किडनी वाचली. साठणं आणि बिघडणं या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत, हे माझ्या पिढीच्या डॉक्टरांना त्या प्रयोगाने शिकवलं.

आणखी एक चक्र आहे. डीएनए किंवा आरएनए असलेले कॉम्प्लेक्स प्लाझ्मासायटॉइड डेंड्रायटिक नावाच्या पेशी गिळतात. पेशीच्या आत विषाणूचं डीएनए-आरएनए ओळखणारे पहारेकरी असतात, टीएलआर७ आणि टीएलआर९. त्यांना वाटतं विषाणूच आला, आणि पेशी इंटरफेरॉन अल्फा हे विषाणू आल्याचा इशारा देणारं रसायन सोडते. ताप, थकवा, अंगदुखी यात त्याचा मोठा हात. तुमच्या बहिणीला सतत ‘व्हायरल झाल्यासारखं’ वाटत असेल तर ते लाड नाहीत, तिचं शरीर खरोखर विषाणूशी लढल्यासारखंच वागतंय. इंटरफेरॉनमुळे बी पेशी, म्हणजे ज्यांच्यापासून अँटीबॉडी बनतात त्या, आणखी चेकाळतात, आणखी अँटीबॉडी बनवतात, त्यातून आणखी कॉम्प्लेक्स.

बायोप्सीच्या रिपोर्टकडे एकदा वळू, कारण ‘फुल हाउस’ हा शब्द वाचून बरेच जण घाबरतात. बायोप्सीच्या तुकड्याचा एक भाग चमकणाऱ्या रंगाने माखून अंधाऱ्या खोलीत खास सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. आयजीजी, आयजीए, आयजीएम (हे अँटीबॉडींचे प्रकार), सी३, सी१क्यू असे पाच वेगवेगळे रंगलेप असतात. निरोगी किडनीत काळोख दिसतो. ल्यूपसमध्ये पाचही लेपांत गाळणीचं वेटोळं हिरवंगार पेटलेलं दिसतं. पत्त्यांतल्या डावावरून याला फुल हाउस म्हणतात. यातून आजार ओळखता येतो. तो किती वाईट आहे हे यावरून ठरत नाही.

वाईटपणा ठरतो कॉम्प्लेक्स पडद्याच्या कोणत्या बाजूला बसलेत त्यावर. क्लास ३ आणि ४ मध्ये ते रक्ताच्या बाजूला, अस्तराच्या खाली बसतात. न्यूट्रोफिलला तिथे सहज पोचता येतं, म्हणून सूज जोरदार, लघवीत रक्तपेशी, क्रिएटिनिन चढू शकते. निम्म्याहून कमी गाळण्या बिघडल्या असतील तर क्लास ३, निम्म्या किंवा जास्त असतील तर ४. क्लास ५ मध्ये ते पडद्याच्या पलीकडे, लघवीच्या बाजूला असतात. पांढऱ्या पेशी तिथवर पोचत नाहीत, कॉम्प्लिमेंट मात्र काम करतं, त्यामुळे धगधगणारी सूज कमी पण प्रथिनांची गळती प्रचंड. तुमच्या बहिणीचा क्लास ४ आहे, म्हणून तिचे डॉक्टर घाई करताहेत. घाई बरोबर आहे. रिपोर्टमध्ये ‘ॲक्टिव्हिटी’ आणि ‘क्रॉनिसिटी’ असे दोन आकडे असतील, ते डॉक्टरांना समजावून मागा. पहिला आकडा विझवता येणारी आग सांगतो, दुसरा जळून गेलेला भाग.

आता तुमचे तीन प्रश्न.

मशीन. रक्तातला द्रव भाग काढून टाकून बदलण्याचं प्लाझ्माफेरेसिस नावाचं तंत्र आहेच, आणि तुमच्यासारखाच विचार डॉक्टरांनीही केला होता. गंभीर ल्यूपस नेफ्रायटिसच्या ८६ रुग्णांवर अमेरिकेत पद्धतशीर चाचणी झाली, १९९२ साली निकाल छापून आला. निम्म्यांना स्टिरॉइड आणि सायक्लोफॉस्फमाइड, बाकीच्यांना तेच आणि वर प्लाझ्माफेरेसिस. अँटीबॉडी लवकर उतरल्या, पण किडनी वाचण्यात किंवा जगण्यात काहीही फायदा झाला नाही. कारणं आता तुम्हीही सांगू शकाल. आयजीजी अँटीबॉडींचा निम्म्याहून जास्त साठा रक्ताबाहेर ऊतींत असतो, रक्तातलं काढलं की तिथून परत भरतो. बनवणाऱ्या पेशी अस्थिमज्जेत बसून रात्रंदिवस काम करत असतात. आणि किडनीतले बरेच कॉम्प्लेक्स तिथेच विणलेले, ते मशीनपर्यंत येतच नाहीत. नळ चालू ठेवून पाणी उपसण्यातला प्रकार. काही वेगळ्या संकटांत, उदाहरणार्थ टीटीपी नावाचा रक्ताचा आजार सोबत आला किंवा फुप्फुसात रक्तस्राव झाला तर, आम्ही मशीन वापरतो. तुमच्या बहिणीच्या बाबतीत तिच्या डॉक्टरांनी ते सुचवलं नसेल, तर खर्च टाळण्यासाठी किंवा दुर्लक्षाने नाही.

सीआयसी तपासणी. नका करू. हे मी ठामपणे सांगते, कारण मी स्वतः एकदा तिच्यामागे लागून फसलेय. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत एका मुलीचं सीआयसी मी दर महिन्याला करायची. तीन महिने आकडा खाली येत होता, मी खूश, तिची आई खूश. लघवीची साधी तपासणी मात्र ‘मागच्याच महिन्यात केली होती ना’ म्हणून दोनदा राहिली. तिसऱ्यांदा केली तेव्हा प्रथिनं दुप्पट झाली होती आणि लघवीत रक्तपेशींचे साचे (गाळण्यांना सूज असल्याची खूण) दिसत होते. रक्तातले कॉम्प्लेक्स कमी दिसायचं एक कारण असंही असतं की ते किडनीत जाऊन बसलेत, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. हातून मात्र सुटलं. ती मुलगी आज बरी आहे, पण तिच्या किडनीचा जो भाग त्या दोन महिन्यांत गेला तो परत आलेला नाही, आणि तो हिशेब माझ्या नावावर आहे. वेगवेगळ्या लॅबच्या सीआयसीच्या पद्धती वेगळ्या, आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, आणि उपचाराचा निर्णय त्यावर होत नाही. तेच पैसे लघवीवर घाला: सकाळच्या पहिल्या लघवीचं प्रोटीन-क्रिएटिनिन गुणोत्तर आणि सूक्ष्मदर्शकाखाली लघवी. सोबत क्रिएटिनिन, सी३, सी४, अँटी-डीएसडीएनए आणि रक्तदाब. बहुतेक ठिकाणी एवढं पुरतं.

काढा. गुळवेलीवर माझा वैयक्तिक राग नाही, आमच्या अंगणातही वेल होता. पण प्रतिकारशक्ती म्हणजे पाण्याच्या टाकीची पातळी नव्हे, की कमी झाली तर भरा. तुमच्या बहिणीची प्रतिकारयंत्रणा कमजोर पडलेली नाही, चुकीच्या दिशेने जोरात धावतेय. तिला ‘बूस्टर’ देणं म्हणजे उतारावर ॲक्सिलरेटर दाबणं. कोविडच्या काळात गुळवेल घेणाऱ्या सहा जणांना यकृताची ऑटोइम्यून (प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच शरीरावर उलटण्याच्या) पद्धतीची सूज आल्याची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली होती. सहाच रुग्ण आहेत, त्यावरून सगळ्यांसाठी निष्कर्ष काढू नये. पण ज्यांना आधीच ऑटोइम्यून आजार आहे त्यांनी हा प्रयोग करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. सुरू केला असेल तर तिच्या डॉक्टरांना न लाजता सांगा. लपवून ठेवलेला काढा आम्हाला फार उशिरा कळतो.

तिच्या चिठ्ठीवरची औषधं वर सांगितलेल्या साखळीत कुठे बसतात ते सांगते, म्हणजे ती घेताना कंटाळा कमी येईल. स्टिरॉइड आग विझवतं, झटपट पण महाग किमतीला, म्हणून सुरुवातीला जास्त आणि मग लवकरात लवकर कमी करत आणतात. चेहरा सुजला म्हणून स्वतःहून अचानक बंद करणं हा मी पाहिलेला सगळ्यात घातक प्रकार. मायकोफेनोलेट किंवा सायक्लोफॉस्फमाइड अँटीबॉडी बनवणाऱ्या पेशींची वाढ रोखतं, म्हणजे नळ बंद करायचं काम. त्याला वेळ लागतो. पहिल्या तीन महिन्यांत लघवीतलं प्रथिन चतुर्थांशाने उतरलं, सहा महिन्यांत निम्म्यावर आलं तर गाडी रुळावर आहे असं आम्ही धरतो. पूर्ण आटोक्यात यायला वर्ष लागू शकतं. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन ही ‘साधी’ गोळी त्या टीएलआर पहारेकऱ्यांची ओरड कमी करते. ती साधी दिसते म्हणून लोक तीच आधी सोडतात, आणि आजार उलटतो. वजनाच्या दर किलोला दिवसाला ५ मिलिग्रॅमच्या आत डोस आणि डोळ्यांची तपासणी एवढी शिस्त पाळली की ती वर्षानुवर्षं चालते. ‘बीपी नसताना बीपीची गोळी का?’ असाही प्रश्न येईल. टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिल गाळणीतला दाब उतरवतं, त्यामुळे प्रथिनांची गळती कमी होते. आणि ऊन: अतिनील किरणांनी त्वचेच्या पेशी मरतात, केंद्रकातलं सामान उघड्यावर येतं. छत्री आणि सनस्क्रीन हा तिच्यासाठी औषधाचाच भाग आहे.

बी पेशींवर नेमका नेम धरणारी नवी औषधं येताहेत. २०२२ मध्ये जर्मनीतल्या एर्लांगेनच्या डॉक्टरांनी पाच हट्टी ल्यूपस रुग्णांना कार-टी पेशी (बी पेशी मारण्यासाठी प्रयोगशाळेत बदललेल्या रुग्णाच्याच पांढऱ्या पेशी) दिल्या आणि पाचही जणांचा आजार शांत झाला. बातमी वाचून मीही खुर्चीत सरसावून बसले होते. पण आज तुमच्या बहिणीला त्याची गरज नाही, जुनी औषधं नीट घेतली तरी क्लास ४ च्या बऱ्याच मुली सावरतात.

जाता जाता एक गोष्ट. शेजारीपाजारी कोणी म्हणेल, “आमच्या मुलाला पण किडनीत कॉम्प्लेक्स झाले होते, महिन्यात बरा झाला.” तो खोटं बोलत नसतो. घसा किंवा त्वचेच्या स्ट्रेप्टोकॉकस संसर्गानंतर लहान मुलांना होणारी किडनीची सूजही याच जातीची, पण तिथे अँटीजेन जंतूचा, तो संपतो. सी३ साधारण सहा-आठ आठवड्यांत वर येतं आणि बहुतेक मुलं पूर्ण बरी होतात. आयजीए नेफ्रोपॅथीत कॉम्प्लेक्स असूनही सी३ सहसा नॉर्मल राहतं. हेपटायटिस सी असलेल्यांत थंडीत गोठणारे कॉम्प्लेक्स होतात, तिथे सी४ तळाला जातं आणि उपचार विषाणूचा करायचा. कुष्ठरोगाच्या उपचारादरम्यान अंगावर दुखऱ्या लाल गाठी आणि ताप येतो, त्या ‘रिॲक्शन’मध्येही मेलेल्या जंतूंच्या अँटीजेनचा मोठा वाटा मानतात. नाव एक, पण अँटीजेन कुठून येतो आणि संपतो की नाही यावर आख्खी गोष्ट बदलते. म्हणून दुसऱ्याच्या चिठ्ठीवरून तिची तुलना करू नका.

तिचं लग्न ठरत असेल किंवा मूल हवं असेल तर डॉक्टरांशी आधी बोला. मायकोफेनोलेट गर्भाला घातक आहे, गर्भधारणेच्या किमान सहा आठवडे आधी ते बंद करून दुसरं सुरू करावं लागतं. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन मात्र गरोदरपणातही चालू ठेवतात. आणि गरोदरपणात सी३ एरवीपेक्षा वर जातं, त्यामुळे तेव्हाच्या ‘नॉर्मल’ आकड्यावर निर्धास्त राहू नये, हे तिच्या स्त्रीरोगतज्ज्ञांनाही ठाऊक असलेलं बरं.

पुढच्या तारखेपर्यंत थांबू नये अशी लक्षणं: लघवी कोकसारखी किंवा चहासारखी होणं, लघवीचं प्रमाण एकदम घटणं, दोन दिवसांत वजन दोन किलो वाढणं, डोकं ठणकून नजर धूसर होणं, श्वास लागणं. आणि या औषधांवर असताना १०१ च्या वर ताप आला तर तो आजाराचा असो वा जंतूंचा, घरी क्रोसिन देऊन रात्र काढू नका, त्याच दिवशी दाखवा.